८१ लढती, एकदाही नॉकआउट नाही. तरी बार्नी रॉसला स्वतःहून व्यसनमुक्ती रुग्णालय का गाठावं लागलं?

सप्टेंबर १९४६. दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी कार्यालयात छत्तीस वर्षांचा एक माणूस आपल्या पायांनी चालत गेला. आपल्याला मॉर्फिनचं व्यसन लागलंय, उपचारांसाठी केंटकीमधल्या सरकारी रुग्णालयात पाठवा, अशी विनंती त्याने तिथल्या अधिकाऱ्यांना केली. दुसऱ्या दिवशी देशभरातल्या पेपरांत बातमी होती.

बातमी व्हायचं कारण म्हणजे हा माणूस कुणी साधासुधा नव्हता. मुष्टियुद्धात तीन वजनी गटांचा जगज्जेता, महायुद्धात सिल्व्हर स्टार मिळवलेला सैनिक, शिकागोच्या गल्लीबोळांतल्या पोरांचा हिरो. नाव बार्नी रॉस.

बॉक्सिंग म्हटलं की आपल्याला मोहम्मद अली आठवतो, माइक टायसन आठवतो. जरा जास्त खोलात गेलेल्यांना शुगर रे रॉबिन्सन माहीत असतो. बार्नी रॉसचं नाव क्वचितच निघतं. पण या माणसाच्या आयुष्यात जेवढं घडलंय तेवढं एखाद्या वेबसिरीजच्या तीन सीझनमध्येही मावणार नाही. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

बॉक्सिंगवर बंदी असलेलं घर

बार्नीचं जन्मनाव बेरिल रसोफ्स्की. जन्म २३ डिसेंबर १९०९, न्यूयॉर्क. वडील इसिडोर हे ज्यू धर्मग्रंथांचे अभ्यासक. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या ब्रेस्ट-लिटोव्स्क गावात ज्यूंवर हल्ले होत होते, त्याला कंटाळून ते अमेरिकेत आले. बेरिल लहान असतानाच कुटुंब शिकागोला गेलं आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या वस्तीत त्यांनी छोटंसं किराणा दुकान टाकलं.

मॅक्सवेल स्ट्रीट म्हणजे हातगाड्या, जुना बाजार, स्थलांतरितांची गर्दी आणि गल्लोगल्ली पोरांच्या टोळ्या. ज्यू, इटालियन, पोलिश, आयरिश. एका वस्तीतलं पोरगं दुसऱ्या वस्तीत गेलं की मार खाऊनच परत यायचं. बेरिलही मारामाऱ्या करायचा, पण वडिलांना हे अजिबात खपायचं नाही. हाताने मारणं हे अडाण्यांचं काम, आपल्या माणसाने पुस्तक उघडावं, असा त्यांचा बाणा. पोरानेही मोठं होऊन हिब्रू शिकवायचं ठरवलं होतं.

१९२३ च्या अखेरीस दुकानात दरोडेखोर शिरले आणि त्यांनी इसिडोर यांना गोळी घातली. त्यात त्यांचा जीव गेला. बेरिल तेव्हा चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता.

पुढच्या काही आठवड्यांत सगळं घरच विस्कटलं. आई सारा या धक्क्याने कोलमडली. तिला सांभाळायला नातेवाईकांकडे पाठवावं लागलं. तीन धाकटी भावंडं अनाथाश्रमात गेली. बेरिल आणि त्याचा मोठा भाऊ एका चुलत भावाकडे राहू लागले. धर्मग्रंथ, शाळा, हिब्रू शिक्षक व्हायचं स्वप्न, सगळं बाजूला पडलं. बेरिलच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: पैसे कमवायचे आणि भावंडांना घरी आणायचं.

पैसे कमवायचा सरळ रस्ता माहीत नव्हता, त्यामुळे वाकडा धरला. जुगाराच्या अड्ड्यांवर फिरणं, भुरट्या चोऱ्या, गुंडांचे निरोप पोचवणं. अल कपोनसाठी त्याने छोटीमोठी कामं केली अशा कहाण्या शिकागोत आजही सांगितल्या जातात. त्या काळच्या शिकागोतल्या प्रत्येक नामांकित माणसाला कपोनशी जोडलं जातं, त्यामुळे यातलं किती खरं धरायचं ते तुम्हीच ठरवा. पण त्याच्या टोळीतल्या एका मित्राचं नाव मात्र लक्षात ठेवा. जेकब रुबेनस्टाइन. तो या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

जिमखान्यात गेल्यावर बेरिलला कळलं की ठोसे मारण्याचेही पैसे मिळतात. आईला समजू नये म्हणून त्याने नाव बदललं. बेरिल रसोफ्स्कीचा बार्नी रॉस झाला. १९२९ मध्ये त्याने हौशी बॉक्सर्सच्या गोल्डन ग्लोव्ह्ज स्पर्धेत फेदरवेट गट जिंकला आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक बॉक्सर झाला. पुढच्याच काही आठवड्यांत वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळला आणि अमेरिकेत महामंदी सुरू झाली. माणसं फुकटच्या सूपसाठी रांगा लावत होती आणि हा पोरगा एकेका रात्रीच्या मारामारीवर घर पुन्हा उभं करायला निघाला होता.

ज्यू पोरं आणि बॉक्सिंग? होय!

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं विचित्र वाटेल. आज बॉक्सिंग आणि ज्यू हे समीकरण कुणाच्या डोक्यात येत नाही. पण १९२० आणि ३० च्या दशकांत अमेरिकेतल्या बॉक्सिंगमध्ये ज्यू खेळाडूंचा मोठा भरणा होता. बेनी लिओनार्ड, जॅकी फील्ड्स असे एकाहून एक जगज्जेते. कारण साधं आहे. हा गरिबांचा खेळ. ज्या समाजाची पोरं झोपडपट्टीसारख्या वस्त्यांत राहतात, त्या समाजाची पोरं रिंगमध्ये दिसतात. आधी आयरिश होते, मग ज्यू आणि इटालियन आले, नंतर कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन आले. रिंगमध्ये कोण उतरतंय यावरून त्या काळात शहरातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर कोण उभं आहे, हे कळायचं.

आता थोडं वजनाचं गणित. लाइटवेट म्हणजे १३५ पाउंड, साधारण ६१ किलोपर्यंत. ज्युनिअर वेल्टरवेट १४० पाउंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. वेल्टरवेट १४७ पाउंड, म्हणजे साडेसहासष्ट किलोच्या आसपास. दोन-तीन किलोचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. पण बॉक्सिंगमध्ये त्या दोन-तीन किलोंवर ठोशाची ताकद बदलते, आणि ते उतरवण्यासाठी खेळाडू पाणीसुद्धा मोजून पितात.

रॉसचं बलस्थान ताकद नव्हतंच. त्याने सत्तरहून जास्त लढती जिंकल्या, त्यातल्या नॉकआउटवर जिंकलेल्या जेमतेम २२. त्याचा खेळ पायांचा, वेगाचा आणि दमसासाचा. समोरच्याला डाव्या हाताने सतत डिवचायचं, तो चिडून पुढे आला की बाजूला सरकायचं, आणि पंधराव्या फेरीतही पहिल्या फेरीसारखंच पळवायचं. तेव्हा जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असायची. तीन मिनिटांची एक फेरी, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं नुसती मारामारी.

२३ जून १९३३ ला शिकागो स्टेडियममध्ये त्याने टोनी कॅन्झोनेरीला गुणांवर हरवलं आणि एका रात्रीत लाइटवेट आणि ज्युनिअर वेल्टरवेट असे दोन किताब घेतले. निकाल अगदी काठावरचा होता. शिकागोच्या पोराला शिकागोत झुकतं माप मिळालं अशी कुजबुज सुरू झाली. रॉसने काय करावं? तो थेट कॅन्झोनेरीच्या घरच्या मैदानावर, न्यूयॉर्कमध्ये गेला आणि सप्टेंबरमध्ये १५ फेऱ्यांत त्याला पुन्हा हरवलं. विषय संपला.

जगज्जेता झाल्यावर पैसा आला, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता ते झालं. आई आणि भावंडं पुन्हा एका छताखाली आली. पोरगं नको त्या धंद्यात आहे हे आईला तोवर कळलं होतंच. सुरुवातीला तिने विरोध केला, पण नंतर ती त्याची सगळ्यात मोठी चाहती झाली. लढत शुक्रवारी रात्री असली की ज्यू धर्माप्रमाणे शब्बाथ लागलेला असायचा, वाहनात बसायचं नाही. मग ही माउली स्टेडियमपर्यंत पायी जायची, असं सांगतात.

मॅकलार्निन विरुद्ध रॉस: वर्षभरात तीन युद्धं

त्या काळचा वेल्टरवेटचा राजा होता जिमी मॅकलार्निन. जन्माने आयरिश, वाढला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये, चेहरा शाळकरी मुलासारखा आणि ठोसा हातोड्यासारखा. त्याने एकापाठोपाठ एक नावाजलेले ज्यू बॉक्सर आडवे केले होते. खुद्द बेनी लिओनार्डची कारकीर्द त्याच्याच हातून संपली. वृत्तपत्रांनी त्यावरून त्याला ज्यूंचा कर्दनकाळ वगैरे बिरुदं चिकटवली होती. त्यात मॅकलार्निनचा स्वतःचा काही द्वेष नव्हता. तिकिटं खपवायला धर्म आणि वंश वापरायची प्रमोटर लोकांची सवय फार जुनी आहे.

पण साल बघा. १९३४. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन सव्वा वर्ष झालं होतं. ज्यू दुकानांवर बहिष्कार, ज्यू प्राध्यापकांची हकालपट्टी, पुस्तकांच्या होळ्या, या बातम्या रोज अमेरिकेत पोचत होत्या. अमेरिकेतल्या ज्यूंना हतबल वाटत होतं. अशा वेळी धर्मपंडिताचा अनाथ पोरगा या कर्दनकाळासमोर उभा राहणार होता. रॉससाठी ती लढत फक्त पट्ट्याची राहिली नव्हती.

२८ मे १९३४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन बाउल. हे उघडं मैदान होतं आणि ते गच्च भरलं होतं. नवव्या फेरीत मॅकलार्निनच्या ठोशाने रॉस खाली पडला. व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच. त्याच्या गोटात शांतता पसरली. पण पठ्ठ्या लगेच उठला आणि त्याच फेरीत त्याने मॅकलार्निनलाही खाली बसवलं! पंधरा फेऱ्यांनंतर पंचांचं एकमत झालं नाही, पण बहुमत रॉसकडे होतं. लाइटवेट आणि वेल्टरवेट हे दोन्ही मुख्य किताब एकाच वेळी एका माणसाकडे असणं हे याआधी कुणाला जमलं नव्हतं. त्यात ज्युनिअर वेल्टरवेट धरला तर तीन. (या तिसऱ्या गटाला तेव्हा फारशी किंमत नव्हती, म्हणून बॉक्सिंगवाले आजही यावर वाद घालतात.)

सप्टेंबर १९३४ मध्ये दुसरी लढत झाली. मॅकलार्निन जिंकला, तोही काठावर. मग २८ मे १९३५ ला पोलो ग्राउंड्सवर तिसरी. पंच म्हणून उभा होता हेवीवेटचा माजी जगज्जेता जॅक डेम्पसी. या लढतीआधी रॉसने लाइटवेटचा किताब सोडून दिला होता, कारण तेवढं वजन उतरवणं आता शरीराला झेपत नव्हतं. या वेळी पंचांचं एकमत झालं. वेल्टरवेटचा किताब रॉसकडे परत आला आणि पुढची तीन वर्षं त्याच्याकडेच राहिला. फिलिपिन्सचा सेफेरिनो गार्सिया हा त्या काळातला सगळ्यात जोरकस ठोसे मारणाऱ्यांपैकी एक, त्याला रॉसने तीन वेळा हरवलं.

पैसे? आले तसे गेले. रॉसला घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता. मित्र, जुने टोळीवाले, मागायला येणारा कुणीही, सगळ्यांना तो सढळ हाताने द्यायचा. रिंगमध्ये एवढा हिशेबी असलेला माणूस रेसकोर्सवर अगदी उलटा होता. हा स्वभाव पुढे समजून घेताना कामाला येईल.

न थांबवलेली लढत

३१ मे १९३८. समोर हेन्री आर्मस्ट्राँग. हा आर्मस्ट्राँग फेदरवेटचा, म्हणजे १२६ पाउंडांच्या गटातला जगज्जेता. दोन पायऱ्या वर उडी मारून तो वेल्टरवेटच्या राजाला भिडायला आला होता. वजनकाट्यावर भरायला कमी पडू नये म्हणून पाणी पिऊन उभा राहिला होता. बहुतेकांना रॉस सहज जिंकेल असं वाटत होतं.

पहिल्या काही फेऱ्या रॉसच्या होत्या. मग त्याचे पाय थांबले. अठ्ठावीस वर्षांचं वय, मागे जवळपास ऐंशी लढती, आणि समोर एक असा माणूस जो श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. मधल्या फेऱ्यांपासून आर्मस्ट्राँगने त्याला अक्षरशः बदडलं. डोळे सुजले, तोंड रक्ताने भरलं. रॉसचा मॅनेजर सॅम पियान लढत थांबवायला निघाला, रेफ्री आर्थर डोनोव्हनही थांबवण्याच्या बेतात होता. रॉसने दोघांनाही अडवलं. किताब जायचा तर रिंगमध्ये, उभं राहूनच जाऊ दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला शेवटपर्यंत लढू दिलंत तर पुन्हा कधी लढणार नाही, असा शब्दच त्याने दिला. पंधराव्या फेरीची घंटा वाजली तेव्हा तो उभा होता. शेवटच्या फेऱ्यांत आपण हात जरा सैल सोडला होता, असं आर्मस्ट्राँगने पुढे सांगितलं.

रॉसने शब्द पाळला. तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. ८१ लढती, चार पराभव, आणि एकाही लढतीत नॉकआउट नाही.

त्या रात्रीचं कौतुक आजही होतं, बॉक्सिंगवाल्यांच्या गप्पांत ती शौर्यकथा म्हणून येते. आम्हाला मात्र ती वाचताना थोडं अस्वस्थ वाटतं. डोक्याला बसणाऱ्या ठोशांचं पुढे काय होतं हे आज आपल्याला माहीत आहे, आणि आजचा रेफ्री ती लढत बाराव्या फेरीच्याही आधी थांबवेल. पण रॉसचा पिंड कळायला याहून चांगला पुरावा नाही. मदत घ्यायची नाही, टॉवेल टाकायचा नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं.

ग्वाडलकॅनालची रात्र

निवृत्तीनंतर त्याने शिकागोत बार टाकला. सगळं ठीक चाललं होतं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९४२ मध्ये रॉस मरीन कोअरमध्ये दाखल झाला. वय ३२. मरीनसाठी हे जास्तच होतं, वयाची सूट घ्यावी लागली. प्रसिद्ध खेळाडूंना सैन्यात सहसा सुरक्षित कामं मिळायची. सैनिकांना व्यायाम शिकवा, प्रदर्शनीय सामने खेळा. रॉसलाही तसंच काम मिळत होतं. त्याने थेट आघाडी मागून घेतली.

पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी एक म्हणजे ग्वाडलकॅनाल. जंगल, चिखल, डास आणि चिवट जपानी सैन्य. १९ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री गस्तीवर गेलेली रॉसची तुकडी शत्रूच्या माऱ्यात सापडली. सोबतचे सगळे जखमी झाले. तोफगोळ्याने पडलेल्या एका खड्ड्यात ते अडकले, आणि लढू शकेल असा त्यांच्यात रॉसच उरला. त्याने सगळ्यांच्या बंदुका आणि हातबॉम्ब गोळा केले आणि रात्रभर एकट्याने खड्डा राखला. स्वतःच्या अंगातही लोखंडाचे तुकडे घुसले होते. सकाळ होईपर्यंत दोन साथीदार गेले होते. उरलेला एकजण रॉसपेक्षा कितीतरी वजनदार होता, त्याला खांद्यावर घेऊन तो आपल्या तळापर्यंत आला.

त्या रात्री किती गोळ्या झाडल्या, किती शत्रू पडले, याचे आकडे पेपरांनी वेगवेगळे छापले. आकड्यांमध्ये आपण नको जायला. या कामगिरीसाठी त्याला सिल्व्हर स्टार मिळाला, हे नक्की.

याच बेटावर त्याची एका कॅथलिक पाद्र्याशी, फादर फ्रेडरिक गेरिंग यांच्याशी गट्टी जमली. नाताळच्या आदल्या रात्री प्रार्थनेसाठी एक ऑर्गन मिळाला होता, पण वाजवता कुणालाच येत नव्हता. ज्यू बॉक्सर पुढे झाला. त्याने ख्रिसमसची गाणी वाजवली आणि शेवटी आपल्या आईची आठवण काढत एक ज्यू गाणं म्हटलं. घरापासून हजारो मैलांवर बसलेल्या सैनिकांचे डोळे भरून आले होते म्हणे.

मॉर्फिन म्हणजे नेमकं काय?

आता आपण पहिल्या प्रसंगाच्या जवळ आलोय.

ग्वाडलकॅनालहून परतलेल्या रॉसच्या अंगात लोखंडाचे तुकडे होते, मलेरिया होता, डोकं ठणकत होतं, केस पांढरे झाले होते. वेदनांवर त्याला मॉर्फिन दिलं जात होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैद्यकीय पथकांकडे मॉर्फिनच्या छोट्या ट्यूब असायच्या. टूथपेस्टच्या बारक्या ट्यूबसारखी, टोकाला सुई. टोचायची, दाबायची, काम झालं. त्याने लाखो सैनिकांच्या वेदना शमल्या, हेही तितकंच खरं.

अडचण पुढे येते. मॉर्फिन अफूपासून बनतं. मेंदूत वेदना आणि आनंद यांचे संदेश जिथे जातात तिथेच ते जाऊन बसतं. काही दिवसांत शरीर त्याला सरावतं. कालच्या डोसने आज भागत नाही. आणि बंद केलं की शरीर बंड करतं. थरथर, पोटात पिळवटून येणाऱ्या कळा, उलट्या, घाम, झोप नाही. ज्याला हे होतं त्याला वाटतं आपला आजार उलटलाय. तो पुन्हा औषध मागतो. रॉसचं अगदी असंच झालं. मलेरियाचा ताप कुठला आणि मॉर्फिनची तलफ कुठली, हे त्याला आधी ओळखूच आलं नाही.

आणि बाहेर काय चालू होतं? सत्कार. हिरोला शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत कामगारांसमोर भाषणं द्यायला फिरवलं जात होतं. तो स्टेजवरून हात हलवायचा आणि खाली उतरला की डोस शोधायचा. आधी ओळखीचे डॉक्टर, मग रस्त्यावरचे विक्रेते. पूर्वी जो पैसा घोड्यांवर जायचा तो आता सुईवर जाऊ लागला. पत्नी कॅथीपासून तो लपवत राहिला, आणि तिला कळलं तेव्हा संसार मोडकळीला आला होता. तिने त्याला सोडलं. (पुढे दोघं पुन्हा एकत्र आले.)

त्या काळी व्यसनी माणसाकडे आजारी म्हणून बघायची पद्धतच नव्हती. १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर अमेरिकेत अशी परिस्थिती तयार झाली होती की, व्यसनी रुग्णाला डोस चालू ठेवणारा डॉक्टरही तुरुंगात जाऊ शकत होता. म्हणजे ज्याला उपचार हवेत त्याने तोंड उघडायचीच भीती. आणि रॉसला तर गमवायला खूप होतं. नाव, पदक, पोरांचा आदर्श असणं, सगळंच.

तरीही सप्टेंबर १९४६ मध्ये तो गेला. आर्मस्ट्राँगच्या लढतीत ज्याने मॅनेजरला टॉवेल टाकू दिला नव्हता, त्याने या वेळी स्वतःच टॉवेल टाकला.

लेक्सिंग्टनचं शेत

केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचं हे रुग्णालय १९३५ मध्ये सुरू झालं होतं. लोक त्याला नार्कोटिक फार्म म्हणायचे. अर्ध रुग्णालय, अर्ध तुरुंग, आणि भोवती खरोखरची शेती आणि गाईगुरं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी आणि स्वतःहून आलेले रुग्ण एकाच इमारतीत राहायचे. अनेक नामांकित जॅझ वादकही इथे येऊन गेले.

उपचार म्हणजे डोस हळूहळू कमी करत शून्यावर आणायचा, मग काम, व्यायाम आणि डॉक्टरांशी बोलणं. ऐकायला सोपं आहे. पण बाहेर पडल्यावर बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळायचे. रॉस साधारण चार महिने तिथे राहिला आणि जानेवारी १९४७ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर तो पुन्हा मॉर्फिनकडे गेला नाही.

बाहेर आल्यावर गप्प बसणं त्याला सहज शक्य होतं. त्याने उलट केलं. शाळा-कॉलेजांत जाऊन तो पोरांशी बोलायचा. आपल्यासोबत काय घडलं ते न लपवता सांगायचा. व्यसनी माणसाला कोठडीत टाकून काही होत नाही, त्याला रुग्णालय हवं, ही मागणी तो राजकारण्यांसमोरही मांडत राहिला. एका ज्यू बॉक्सरच्या तोंडून, ज्याच्या छातीवर युद्धातलं पदक होतं, ही गोष्ट ऐकणं आणि एखाद्या समाजसेवकाकडून ऐकणं यात फरक होता. हा माणूस कमकुवत मनाचा आहे म्हणून व्यसनात अडकला, असं त्याच्याबद्दल म्हणायची कुणाची टाप नव्हती.

पण त्याची किंमत त्याने मोजली. १९४७ मध्ये आलेला बॉडी अँड सोल हा गाजलेला बॉक्सिंगपट आधी रॉसच्या आयुष्यावर बेतला जाणार होता. व्यसनाची बातमी फुटल्यावर निर्मात्यांनी कथा बदलली आणि त्याचं नाव गळालं. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, मंकी ऑन माय बॅक नावाचा सिनेमा थेट त्याच्यावर आला. त्यात सगळा भर सुई टोचण्यावर आणि तडफडण्यावर. जाहिरातीही तशाच भडक. ज्या गोष्टीतून इतरांनी शिकावं म्हणून तो दहा वर्षं बोलत होता, तिचा तमाशा झालेला बघून रॉस इतका भडकला की त्याने निर्मात्यांना कोर्टात खेचलं.

तो जुना मित्र

जेकब रुबेनस्टाइन आठवतोय? मॅक्सवेल स्ट्रीटच्या टोळीतला. त्यानेही नाव बदललं होतं. जॅक रुबी. २४ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येतला आरोपी ली हार्वे ओसवाल्ड याला ज्याने गोळी घातली, तो हाच.

१९६४ च्या खटल्यात रुबीच्या बाजूने साक्ष द्यायला आलेल्यांत बार्नी रॉस होता. लहानपणी तो कसा होता एवढंच त्याला सांगायचं होतं. त्या वेळी अख्खा देश रुबीकडे संशयाने बघत होता, शेजारी बसणंही बदनामीचं. रॉसने त्याचा फार विचार केलेला दिसत नाही. रुबी जानेवारी १९६७ च्या सुरुवातीला मेला. रॉस तेव्हा घशाच्या कर्करोगाने शिकागोत अंथरुणाला खिळला होता. दोन आठवड्यांच्या अंतराने तोही गेला. वय ५७.

ज्यांच्याशी तो लढला त्यांचं पुढे काय झालं? टोनी कॅन्झोनेरी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत एकटाच मरण पावला. हेन्री आर्मस्ट्राँगने रॉसनंतर लाइटवेटचाही किताब जिंकला, पुढे दारूत बुडाला, त्यातून सावरून चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला आणि १९८८ मध्ये गेला. जिमी मॅकलार्निनने तरुणपणीच निवृत्ती घेतली, पैसे नीट गुंतवले आणि तो २००४ पर्यंत जगला. ९६ वर्षांचं आयुष्य! १९९० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावात आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमची पहिली यादी जाहीर झाली. त्यात कॅन्झोनेरी, आर्मस्ट्राँग आणि रॉस अशी तिघांचीही नावं होती. मॅकलार्निन पुढच्या वर्षी आला.